तिसरी घंटा, समोरचं दार

११ ऑगस्ट

दादा,

साष्टांग नमस्कार लिहिणार होते, पण हल्ली खाली वाकले की उचलायला माणूस लागतो. तेव्हा उभ्यानेच नमस्कार.

पत्र लिहायचं कारण, फोनवर तू सापडत नाहीस. कधीही करावा तर वहिनी उचलते आणि तू अंघोळीला गेलेला. लहानपणी आत्याला तुझ्यामागे बादली घेऊन धावावं लागायचं. म्हातारपणी अंघोळीचा एवढा सोस कुठून आला, देव जाणे.

बातमी चांगली नाही, म्हणून पटकन सांगून टाकते. तुझं थिएटर बंद होतंय. यंदाचा महोत्सव तिथला शेवटचा. पुढच्या वर्षीपासून सगळा थाट नदीपलीकडच्या नव्या इमारतीत. मी जाऊन बघून आले. सगळीकडे काचा, सरकते जिने, आणि खुर्च्या इतक्या मऊ की पहिल्याच अंकात निम्मे लोक घोरतील. तिथे घंटा नाही. एक यंत्र आहे, ते 'टिंग' करतं आणि मग एक बाई गोड आवाजात मोबाइल बंद करायला सांगते.

तू म्हणशील, जिने उभा जन्म मोठ्या महोत्सवाला नावं ठेवण्यात घालवला, तिला आता त्याचा एवढा कळवळा का. दादा, घंटा गेली तर आमच्या 'काठा'चं काय? मोठ्या महोत्सवाने दारात उभं केलं नाही म्हणून आम्ही गल्लीपलीकडे मिस्त्रींच्या गॅरेजात आमचा महोत्सव मांडला. त्याच्या काठाला लटकलेले, म्हणून काठ. पहिल्या संध्याकाळी मी पहिलं वाक्य घेतलं, 'या घरात कोणाचं कोणाकडे लक्ष नाही', आणि पत्र्यातून तुझी तिसरी घंटा घणाणली. प्रेक्षक टायरांवर बसल्या जागी हसायला लागले. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, तिच्याशी भांडून उपयोग नाही, तिच्यावरच सुरू करू. तेव्हापासून तिकडे तिसरी घंटा की इकडे शटर खाली. आम्ही आमची घंटा कधी आणलीच नाही. नव्या नटाला मी अजून आधी तेच सांगते, घड्याळाकडे बघायचं नाही, घंटा ऐकायची.

तर मागणं असं. तुझ्या जागी आलेल्या व्यवस्थापक बाईंना मी भेटले. बाई चांगल्या आहेत, हसतात. शेवटच्या दिवशी पहिली आणि दुसरी घंटा यंत्रावर देऊन बघणार आहेत, पण तिसरी खरी, दोरीची. ती तू द्यावीस असं मी म्हटलं आणि त्या लगेच हो म्हणाल्या. तेव्हा नोव्हेंबरात ये. वहिनीला घेऊन ये. माझ्याकडे पलंग आहे, उशा आहेत, आणि तुला शिव्या घालायला मी आहे.

तुझी,
बारकी


२६ ऑगस्ट

बारके,

तुझ्या गुडघ्यांना आशीर्वाद. उरले तर तुला.

पत्र वाचलं आणि विंगेतली ती दोरी डोळ्यांपुढे आली. मुठीत धरायच्या जागी ती काळी आणि गुळगुळीत झाली होती. नव्या रंगाचा आणि जुन्या धुळीचा एकत्र वास. पडदेवाल्याचा खोकला, जो नाटकातल्या नेमक्या शांत जागेसाठी राखून ठेवलेला असायचा. नटांचे पाय लटपटताना मी जेवढे बघितले तेवढे त्यांच्या बायकांनीही बघितले नसतील. आत शिरले की मात्र हेच लोक सिंह. तिथे मी किती सुखात होतो हे मला तेव्हाच माहीत होतं, हे एक बरं झालं.

तुमच्या काठाचं म्हणशील तर मला बुटक्याची गोष्ट आठवते. मध्यंतरानंतर आमच्याकडे घंटा झाली आणि तुमचा बुटका, जो गॅरेजच्या खड्ड्यात, गाडीखाली उतरून काम करायच्या त्या खड्ड्यात, डुलकी काढत होता, तो ताडकन उठला आणि पहिल्या अंकाचं पहिलं वाक्य घेऊन वर आला. तुम्ही बाकीच्यांनी त्याला सांभाळून घ्यायला अख्खा पहिला अंक पुन्हा केलात. मिस्त्री नंतर मला म्हणाले, 'नाटक छान होतं, पण शेवट आला तेव्हा सुरुवात बरी होती असं वाटलं.' मी हे आमच्या हिला अजून सांगतो आणि ती अजून हसते.

येण्याचं मात्र जमेल असं दिसत नाही. हिची पाठ धरते. लेकीकडे राहतो, तिच्या घरची कामं असतात, गच्चीवर मी कुंड्या लावल्यात त्यांना पाणी कोण घालणार. प्रवासही झेपत नाही. घंटा पडदेवाल्याला देऊ दे. त्याच्याही तिथे हयात गेली. त्याचा हक्क आहे.

राग मानू नकोस.

तुझा,
दादा


७ सप्टेंबर

दादा,

राग मानू नकोस असं लिहिलंस म्हणून सांगते, मानलाय. चांगला घसघशीत मानलाय.

कुंड्या? थिएटरात आग लागल्याची अफवा उठली तेव्हा एका हाताने पडदा आणि दुसऱ्या हाताने प्रेक्षक सांभाळणारा माणूस मला कुंड्यांची कारणं सांगतो. वहिनीशी मी काल बोलले. तिची पाठ ठणठणीत आहे. परवा तिने एकटीने कपाट सरकवलं. म्हणजे कारण दुसरं आहे, आणि ते मला माहीत आहे असं मला वाटतं.

तू अजून ते प्रहसन विसरला नाहीस. मीच लिहिलं होतं, नाकारत नाही. महोत्सवाचा व्यवस्थापक दोरी धरून उभ्याउभ्याच झोपतो, आणि घंटा होत नाही म्हणून आतले नट, प्रेक्षक, पाहुणे सगळे तिथेच म्हातारे होतात. गॅरेज हसून हसून लोळलं होतं. तू बाहेर गल्लीत, शटरच्या फटीशी उभा राहून बघत होतास आणि न बोलता निघून गेलास. मला वाटलं आत जाऊन हसत असशील. पण हल्ली विचार करते की घरच्या माणसावर असं लिहायला नको होतं. तसं असेल तर सरळ लिही ना. फोनवर येत नाहीस, इथे येत नाहीस. एवढ्या वर्षांनी भावाने असं तोंड फिरवलं की मला झोप लागत नाही.

पण खोटं मी काय लिहिलं होतं? तुमचं कधी वेळेवर सुरू झालं? पाहुणे उशिरा, अध्यक्षांची गाडी उशिरा, आणि आम्ही गॅरेजात घामाच्या धारा पुसत तुमच्या घंटेची वाट बघत बसलेले. बघून बघून माझा जीव मेटाकुटीला यायचा.

आमची तरुण मंडळी म्हणतात, घंटा मोबाइलवर भरून ठेवू आणि दर वर्षी वाजवू. मी अजून काही बोलले नाही. मला तू हवा आहेस. माझ्या हट्टापायी नाही, तर आपण दोघांनी गल्लीच्या दोन बाजूंनी जे काही केलं ते संपताना आपण दोघं तिथे असावं म्हणून. पडदेवाला मला काही लागत नाही.

बारकी


२२ सप्टेंबर

बारके,

प्रहसनाचं डोक्यातून काढ. मी जिन्यात बसून पोट धरून हसलो होतो. समोर हसलो नाही कारण अध्यक्ष माझ्या मागेच उभे होते आणि ते हसत नव्हते.

आता उशिराचं ऐक. पाहुणे वेळेवर यायचे. अध्यक्षांची गाडी तर सगळ्यांच्या आधी हजर. उशीर मी करायचो. विंगेतून वर जाणाऱ्या जिन्यावर एक लहान खिडकी होती, तिच्यातून गल्ली आणि तुमचं दार दिसायचं. दोरी तिथपर्यंत पोचायची. दुसरी घंटा झाली की मी खिडकीशी जायचो. तुमच्याकडे कोणी अजून टायर मांडत असायचं, कोणी मिशी चिकटवत रस्त्यात उभं, प्रेक्षक गल्लीत गप्पा मारत. यांची तयारी नाही आणि मी घंटा दिली तर ही पोर उघडी पडेल, असं वाटायचं. मग मी थांबायचो. तू दारात येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिलीस की समजायचं, झाली तयारी. मग दोरी ओढायची. अध्यक्षांनी मला किती वेळा झाडलं त्याची गणती नाही. एकदा तर म्हणाले, 'तुम्हाला घड्याळ भेट देऊ का?' मी म्हटलं, 'द्या.' दिलं नाही.

हे तुला कधी सांगणार नव्हतो. पण दुसरं जे सांगायचं आहे त्याला हात घालवत नाही म्हणून आधी हे सांगितलं.

मला ऐकू येत नाही. म्हणजे येतं कमी असं नाही, येतच नाही म्हटलंस तरी चालेल. उजवा कान आधी गेला, डावा त्याच्या मागून. यंत्र लावून बघितलं. त्यातून लेकीचा आवाज येत नाही, तिच्या ताटातल्या चमच्याचा येतो. फोन म्हणजे माझ्यासाठी नुसता गरम डबा, म्हणून ही सांगते अंघोळीला गेलेत. नातीच्या शाळेत कार्यक्रम होता. मी शेजारच्यांच्या हातांकडे बघून टाळ्या वाजवल्या, आणि एकदा उशिरा थांबलो. नात माझ्याकडे बघत होती.

मी कानांवर जगलेला माणूस. नटाचा घसा बसणार हे मला पहिल्या वाक्यात कळायचं. तिथे येऊन मुक्यासारखा उभा राहू? लोक येऊन बोलणार, मी मान डोलावणार, आणि ते ओळखणार. मला ते सोसणार नाही. घंटा मी ओढीन आणि ती मलाच ऐकू येणार नाही, याचं मला जे वाटतं ते तुझ्यापुढे लपवून काय करू. मला रडू येतं.

कोणाला सांगू नकोस.

दादा


२ ऑक्टोबर

दादा,

तुझं पत्र मी गॅरेजच्या खड्ड्यात उतरून वाचलं, कारण वर तालीम चालली होती आणि माझा चेहरा मला कोणाला दाखवायचा नव्हता. पोटभर रडले. मग एकदम हसायला लागले. मिस्त्री वाकून बघायला लागले की बाईला झालं काय.

अरे, मी दारात तयारी झाली म्हणून येत नव्हते. आमची तयारी केव्हाच झालेली असायची. लोक गल्लीत गप्पा मारायचे ते तुझी घंटा झाली नाही म्हणून. घंटा नाही, मग आत बसून उकडून कोण घेणार? ज्याला मिशी आधीच चिकटली असेल तोसुद्धा वेळ घालवायला ती काढून पुन्हा चिकटवायचा. शेवटी माझं डोकं फिरायचं आणि आज यांनी कुठे झोपा काढल्या ते बघायला मी बाहेर यायचे. कमरेवर हात असायचे ते रागाने. आणि मी येऊन उभी राहिले की लगेच घंटा. मला इतकी वर्षं वाटायचं, काय माझं नशीब, बाहेर पाऊल टाकावं आणि घंटा व्हावी.

म्हणजे आम्ही तुझ्यासाठी थांबलेलो आणि तू आमच्यासाठी. मधल्या मध्ये अख्ख्या शहराचा महोत्सव खोळंबलेला, आणि बोलणी अध्यक्षांच्या गाडीला.

आता माझं ऐक. म्हणजे वाच. तू घंटा कानाने कधी दिली होतीस? खिडकीतून बघून दिलीस. डोळे शाबूत आहेत ना? मग काय अडलं? खिडकी आहे तिथेच आहे, मी आज जाऊन बघून आले, फक्त काच मळली आहे. मी ती पुसून घेते. दोरीही पोचते. तू मला दारात बघायचंस आणि ओढायचंस. तुझ्याशी कोणी बोलायला आलं तर वहिनी पुढे होईल. ती तशीही आयुष्यभर तुझ्या वतीने बोलतच आली आहे. आणि ज्याला कळेल त्याला कळू दे. आपल्या नटांना दिसेनासं झालं, चालता येईनासं झालं, वाक्य आठवेनासं झालं, आपण कोणाला घरी बसवलं? तुझ्याच बाबतीत वेगळा नियम का?

महोत्सवाचा शेवटचा दिवस एकोणीस नोव्हेंबर. कुंड्यांना लेक पाणी घालेल. तिला मी स्वतः पत्र टाकलं आहे.

तुझी,
बारकी


२५ नोव्हेंबर

बारके,

घरी सुखरूप पोचलो. कुंड्या जिवंत आहेत, एक सोडून.

त्या संध्याकाळचं तुला तुझ्या बाजूने माहीत आहे, माझ्या बाजूने सांगतो. व्यवस्थापक बाईंनी मला विंगेत नेलं आणि माझ्याकडे तोंड करून, सावकाश बोलल्या. तू त्यांना सांगितलंस हे मी ओळखलं. कोणाला सांगू नकोस म्हटलं होतं मी. पण बरं केलंस. पडदेवाला आला, त्याने माझा हात धरून दोरीवर ठेवला. यंत्राच्या दोन घंटा झाल्या असाव्यात, कारण बाईंनी दोन बोटं दाखवली. मी जिना चढलो. काच तू खरंच पुसली होतीस.

खाली गल्लीत सगळे बाहेर उभे होते. कोणीच गप्पा मारत नव्हतं. बुटका आता टकला झाला आहे, पण उभा तसाच राहतो. मिस्त्री शटरखाली, हात वर धरून. तू दारात नव्हतीस. माझ्या मागे बाई घड्याळ बघत असतील, बघू देत म्हटलं. मी थांबलो. इतक्या वर्षांत थांबलो तसाच थांबलो, आणि अंगातून वर्षं गळून गेल्यासारखं वाटलं. मला वाटलं आता अध्यक्ष मागून खाकरतील. मग लोक आत गेले आणि तू आलीस. कमरेवर हात. या वेळी रागाने नव्हते ना?

मी दोरी ओढली. मला काही ऐकू आलं नाही. पण शटर खाली आलं. तेवढ्यावरून समजलो की वाजली. हिला म्हटलं, बघ, मला काहीही ऐकू आलं नाही आणि तरी काम झालं. ही डोळे पुसत होती, तिला बोलता येत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा.

एकच विचारतो. आवाज कसा होता? शेवटची होती म्हणून विचारतो. हिला विचारलं तर म्हणते, फार सुंदर. ही हल्ली मला सगळंच फार सुंदर होतं असं लिहून दाखवते. तू खरं सांग. चिरका असेल तर चिरका म्हण.

तुझा,
दादा


८ डिसेंबर

दादा,

तुझं पत्र आलं त्याला बरेच दिवस झाले. रोज लिहायला बसते आणि रोज काहीतरी काम काढून उठते. गोड काहीतरी लिहावं असं सारखं मनात येत होतं. मग वाटलं, वहिनी एक आहे तेवढी पुरे. तू खरं विचारलंस, मी खरं सांगते.

आवाज झालाच नाही.

दुसऱ्या दिवशी सामान हलवायची माणसं येणार होती. त्यांच्यातल्या कोणीतरी त्या दुपारीच येऊन घंटेच्या आतल्या लोलकाला पडद्याचं जाड कापड गुंडाळून बांधून ठेवलं होतं, ट्रकमध्ये आदळून ती फुटू नये म्हणून. काळजीनेच केलं बिचाऱ्यांनी. पहिल्या दोन घंटा यंत्राच्या, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. तू ओढलीस तेव्हा पडदेवाल्याला फक्त 'धप्' ऐकू आलं, उशीवर हात मारल्यासारखं. त्याने व्यवस्थापक बाईंकडे बघितलं, बाईंनी त्याच्याकडे. मग बाईंनी दिवे उतरवले आणि त्याने पडदा उघडला. तुला कोणी काही म्हटलं नाही. वहिनीलाही तेव्हाच कळलं होतं. तिच्यावर रागावू नकोस, तिला वाटलं तू खचशील. मलाही वाटलं होतं. म्हणून त्या संध्याकाळी गॅरेजात तू सगळ्यांच्या मध्ये बसून बिस्किटं खात होतास तेव्हा मी तोंड उघडलं नाही.

पण खचू नकोस, कारण पुढचं मी त्यातूनच ठरवलं आहे. तरुण मंडळींनी मोबाइलवर घंटा भरून ठेवायची म्हणून त्या संध्याकाळी यंत्र लावून ठेवलं होतं. त्यात काहीच उमटलं नाही, नुसती गल्ली. त्यांची तोंडं उतरली. मी म्हटलं, नको आपल्याला ती. पुढच्या वर्षी थिएटर कुलूपबंद असेल, खिडकीत कोणी नसेल, पण मिस्त्रींचं गॅरेज आहे आणि दार आहे. दाराशी तुझ्यासाठी खुर्ची टाकायची, तोंड गल्लीकडे. शेवटचा माणूस आत गेला असं तुला दिसलं की तू हात वर करून खाली आणायचास. आतल्यांनी तुझ्या हाताकडे बघायचं आणि शटर ओढायचं. ऐकायचं कोणीच नाही. मंडळींना पटलं. बुटका म्हणाला, 'बरं झालं, आता मध्यंतरानंतर कोणी मला उठवणार नाही.' तेव्हा नोव्हेंबर मोकळा ठेव. हे आमंत्रण नाही, नेमणूक आहे.

आणि त्या संध्याकाळचं शेवटचं सांगते. मी दारात उभी होते, तुझ्याकडे बघत. कमरेवर हात होते ते तुला ओळखू यावं म्हणून. तुझा हात वर गेला आणि खाली आला. काही ऐकू आलं नाही. क्षणभर वाटलं, माझेही कान गेले. मिस्त्री शटर धरून माझ्याकडे बघत राहिले. आतून कोणीतरी विचारलं, 'ताई, झाली का घंटा?'

मी म्हटलं, 'झाली.'

तुझी,
बारकी